पेशींची पकड आणि कर्करोग



ज्या डॉक्टरांच्या स्मृतीसाठी आपण इथे जमलो आहोत, त्यांचा दवाखाना मी पहिल्यांदा पाहिला तो वैद्यकीय शिक्षणाच्या दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत. बाहेर बाक, आत लाकडी टेबल आणि टेबलावर दुकानदाराकडे असते तशी लाल कापडी बांधणीची लांबट चोपडी. रुग्णाचे नाव, वय, तक्रार, दिलेले औषध असे तिच्यात रकाने होते. शेवटचा रकाना मात्र मी तोवर कुठल्याच दवाखान्यात पाहिला नव्हता. आईवडील कशाने गेले? 'पोटात गोळा होऊन', 'खाल्लेले उलटायचे', 'छातीवरची गाठ फुटून'. मी विचारले, या नोंदींचा उपयोग काय? डॉक्टर म्हणाले, "मला अजून कळलेला नाही. तू शिकून आलास की सांग."

ते सांगायला मला उशीर झाला. डॉक्टर गेले, मीही निवृत्त झालो. सारी नोकरी सूक्ष्मदर्शकापुढे, कर्करोगाच्या पेशी पाहण्यात गेली. आज त्या शेवटच्या रकान्याचे उत्तर मी तुमच्यासमोर मांडणार आहे. वाट थोडी लांबची आहे, कारण ती एका प्रथिनावरून जाते. एका पेशीने शेजारच्या पेशीला धरून ठेवायचे, हे त्या प्रथिनाचे काम.

आपल्या शरीरात पेशी सुट्या नसतात. रक्तातल्या सोडल्या तर बाकी जवळपास सगळ्या शेजारणीला धरून असतात. त्वचा, जठराचे अस्तर, दुधाच्या नलिका, सगळीकडे हेच. कर्करोगाने माणूस दगावतो तो बहुतेक वेळा मूळ गाठीमुळे नव्हे, तर तिच्यातल्या पेशी सुटून यकृतात, फुप्फुसात, हाडांत, मेंदूत जाऊन वसल्यामुळे. म्हणजे मुळात जिने जागचे हलू नये, ती पेशी हात सोडवून निघाली. हे घडते कसे? आम्हाला शिकवले गेले की कर्करोगात पेशींची पकड तुटते. एवढ्या वर्षांनी माझे मत असे झाले आहे की ही अर्धीच गोष्ट आहे. पकड कधी घट्ट करायची, कधी सैल सोडायची, हे ठरवणारा ताबा कर्करोगाच्या पेशीने बळकावलेला असतो, आणि आजचे माझे सगळे बोलणे या ताब्याविषयी आहे.

सुरुवात १९४४ पासून करतो. 'कॅन्सर रिसर्च' या अमेरिकी नियतकालिकाच्या त्या वर्षीच्या चौथ्या खंडात दोन लेख आहेत. पहिला मुंबईचा. टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू होऊन तेव्हा तीनच वर्षे झाली होती. तिथले विकृतितज्ज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी मुंबईतल्या तोंडाच्या कर्करोगाच्या ओळीने एक हजार रुग्णांचा आढावा त्यात घेतला. भारतातल्या पॅथॉलॉजीचा पाया ज्यांनी घातला, ते हे खानोलकर. दुसरा लेख पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाच्या डेल रेक्स कोमन यांचा. त्यांनी केलेला प्रयोग ऐका. ओठाच्या निरोगी अस्तरातली एकमेकींना चिकटलेली पेशींची जोडी घ्यायची. सूक्ष्मदर्शकाखाली एकीला बारीक सुईने जागेवर धरायचे, दुसरीत दुसरी सुई अडकवून ओढायचे. पेशी सुटेपर्यंत सुई किती वाकते ते मोजायचे. सुई जितकी वाकेल, तितकी पकड भक्कम. मग हेच ओठाच्या कर्करोगाच्या पेशींवर करायचे. कर्करोगाच्या पेशी फार कमी ताणाला सुटत होत्या.

एका लेखात तोंडाच्या कर्करोगाचे एक हजार रुग्ण, दुसऱ्यात ओठाच्या कर्करोगाच्या दोन पेशी आणि मध्ये वाकलेली एक सुई. एकाच खंडात. विद्यार्थीदशेत हे दोन लेख कोणी मला शेजारी शेजारी ठेवून दाखवले असते तर बरे झाले असते. कोमन यांना पकड सैल झालेली दिसली. पण धरते कोण, हे त्यांना ठाऊक नव्हते. पुढच्या काही वर्षांत त्यांच्या गटाने कॅल्शियमकडे बोट दाखवले, तिथून पुढे वाट सापडेना.

ती सापडली एका द्रावणामुळे. जपानमधल्या क्योतो विद्यापीठातले मासातोशी ताकेइची हे तरुण संशोधक सत्तरच्या दशकात बाल्टिमोरच्या कार्नेगी संस्थेत काम करायला गेले. वाढवलेल्या पेशी सुट्या करायच्या आणि द्रवात हलवत ठेवल्यावर त्या पुन्हा कशा एकत्र येतात ते पाहायचे, हा त्यांचा नेहमीचा प्रयोग. क्योतोत पेशी सहज एकत्र येत. बाल्टिमोरमध्ये त्याच पद्धतीने केले तर येईनात. दुसरा कोणी असता तर हात बसला नाही म्हणून सोडून दिले असते. ताकेइचींनी मात्र दोन्ही प्रयोगशाळांची द्रावणे ताडून पाहिली. पेशी सोडवायला दोन्हीकडे ट्रिप्सिन हे प्रथिने कापणारे विकर वापरत होते. पण बाल्टिमोरच्या बाटलीत ट्रिप्सिनबरोबर ईडीटीए होते, आणि ईडीटीए कॅल्शियम शोषून घेते. क्योतोच्या द्रावणात ते नव्हते. ताकेइचींना उलगडा झाला की पेशीच्या पृष्ठभागावर एक असे प्रथिन असले पाहिजे, जे कॅल्शियम असेल तोवर ट्रिप्सिनलाही दाद देत नाही आणि कॅल्शियम काढून घेताच चिरफाळते. हे प्रथिन गेले की पेशींना एकमेकींना धरता येत नाही.

पुढे १९८४ मध्ये त्यांनी त्याला नाव दिले कॅडहेरिन. कॅल्शियम आणि चिकटणे या दोन्ही शब्दांपासून हे नाव बनले आहे. १९८७ मध्ये त्याचे जनुक वेगळे काढून, एकमेकींना मुळीच न चिकटणाऱ्या उंदराच्या पेशींत ते घातले गेले. त्या पेशी चिकटू लागल्या. याहून स्वच्छ पुरावा विज्ञानात क्वचित मिळतो. आज कॅडहेरिनचे मोठे कुळ माहीत आहे. अस्तराच्या पेशींतले जे मुख्य, त्याला ई-कॅडहेरिन म्हणतात. इथून पुढे मी जास्त करून त्याच्याबद्दलच बोलेन.

हे प्रथिन दिसते कसे? पेशीच्या पडद्यातून बाहेर आलेली एक लांब काठी समजा, पाच पेरांची. पेरांच्या सांध्यांवर कॅल्शियमचे कण बसलेले असतात, त्यांच्यामुळे काठी ताठ राहते. कॅल्शियम गेले की ती लुळी पडते. समोरच्या पेशीतूनही अशीच काठी येते आणि दोन्हींची टोके एकमेकींत अडकतात. एका जोडीची पकड अगदी क्षीण असते, शेकडो जोड्या एकत्र आल्या की ती बळकट होते. पण खरी करामत पेशीच्या आत आहे. काठीचे आतले टोक बीटा-कॅटेनिन धरते, त्याला आल्फा-कॅटेनिन, आणि ते पेशीच्या आतल्या अ‍ॅक्टिनच्या तंतूंना धरते. म्हणजे एका पेशीचा सांगाडा दुसऱ्या पेशीच्या सांगाड्याला बांधलेला असतो.

इथे मला फुगडी आठवते. नागपंचमीला, मंगळागौरीला तुम्ही पाहिली असेल, खेळलाही असाल. हात आडवे गुंफायचे, मागे रेलायचे, आणि वेग वाढेल तशी पकड आवळत जाते. सैल उभे राहून फुगडी होत नाही. आल्फा-कॅटेनिन आणि अ‍ॅक्टिन यांच्या गाठीचे तसेच आहे. २०१४ मध्ये प्रयोगाने दिसले की थोडा ताण दिल्यावर ही गाठ सुटण्याऐवजी जास्त वेळ टिकते. ताण आला की आल्फा-कॅटेनिन उलगडते आणि व्हिंक्युलिन नावाचे आणखी एक प्रथिन आधाराला येते. तेव्हा पेशींची पकड म्हणजे डिंक नव्हे. ती जिवंत आहे, ओढ ओळखते आणि त्याप्रमाणे हात आवळते. डिंक आणि फुगडी यातला हा फरक लक्षात ठेवा, पुढे त्याची गरज लागणार आहे.

आता माझ्या टेबलावर या. स्तनाच्या गाठीचा तुकडा येतो. तो मेणात घालून ठोकळा करतात, ठोकळ्याचे अतिशय पातळ काप काचपट्टीवर घेतात. ई-कॅडहेरिनला चिकटणारे प्रतिपिंड त्यावर टाकतात. जिथे ते प्रथिन आहे तिथे तपकिरी रंग उमटतो. दुधाच्या नलिकेच्या नेहमीच्या कर्करोगात प्रत्येक पेशीभोवती तपकिरी रेघ दिसते, मधाच्या पोळ्याच्या कडांसारखी. मग दुसरी पट्टी लावावी, लोब्युलर कर्करोगाची. निळे ठिपके एकामागून एक ओळीने, मुंग्यांच्या रांगेसारखे तंतूंमधून निघालेले. एकालाही तपकिरी कडा नाही. डोळा हटत नाही. शंका येते, रंगच चढला नसेल का? मग पट्टी सरकवून कोपरा शोधायचा. तिथे एखादी निरोगी नलिका राहिलेली असते, आणि तिच्या पेशींभोवती जाळी ठसठशीत तपकिरी. रंग बरोबर चढला आहे. या रांगेतल्या पेशींकडे ते प्रथिनच नाही.

स्तनाच्या दर शंभर कर्करोगांत दहा ते पंधरा या प्रकारचे असतात. पेशी एकमेकींना धरत नाहीत, म्हणून घट्ट गोळा होत नाही. हाताला गाठ लागत नाही, मॅमोग्राफीतही पुष्कळदा ठळक सावली पडत नाही. बाई म्हणते, "गाठ नाही हो, नुसते जाड वाटते." हे वाक्य मी फार वेळा ऐकले आहे आणि त्यानंतर बराच काळ काही न झालेलेही पाहिले आहे. 'नुसते जाड वाटते' याला गाठीइतकेच महत्त्व द्या. १९९५ मध्ये दिसून आले की या प्रकारच्या बऱ्याच कर्करोगांत ई-कॅडहेरिनचे जनुकच बिघडलेले असते. ते सोळाव्या गुणसूत्रावर आहे, त्याचे नाव सीडीएच१.

याच जनुकाची दुसरी कथा न्यूझीलंडची आहे, आणि ती मला सगळ्यात जवळची वाटते. तिथल्या एका माओरी घराण्यात तीस वर्षांत पंचवीसहून जास्त माणसे जठराच्या कर्करोगाने गेली. सगळ्यात लहान मूल चौदा वर्षांचे होते. घराण्याला शाप आहे, असे त्यांच्यातल्या काहींना वाटे. त्यात वावगे काय? आपल्याकडेही 'आमच्या घरात पन्नाशी कोणी बघत नाही' असे म्हणणारी घरे आहेत. पण त्या घराण्यातली माणसे, त्यात परिचारिका म्हणून काम करणारी एक बाई, स्वतःहून ओटागो विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांकडे गेली. वंशावळ त्यांना तोंडपाठ होती. माओरी संस्कृतीत पूर्वजांची नावे सांगणे हा मोठा संस्कार आहे. त्या वंशावळीवर कोण कशाने गेले हे मांडले गेले, जिवंत माणसांनी रक्त दिले. पॅरी गिलफोर्ड आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये 'नेचर'मध्ये उत्तर छापले. सीडीएच१ मध्ये एका अक्षराचा बदल होता, आणि तो आईकडून किंवा बापाकडून मुलांत उतरत होता.

प्रत्येक पेशीत या जनुकाच्या दोन प्रती असतात. या घराण्यातल्या माणसांच्या सगळ्या पेशींत जन्मापासून एक प्रत बिघडलेली. दुसरी चांगली असेतोवर पेशी धरून राहते. जठराच्या एखाद्या पेशीत दुसरीही निकामी झाली की ती पेशी रांग सोडते आणि अस्तराखाली शिरते. तिथे गाठ न होता विखरून पसरते. जठराची भिंत जाड आणि ताठर होते, पण दुर्बिणीतून वरचे अस्तर बराच काळ ठीकठाक दिसते. म्हणून दुर्बिणीवर विसंबून राहता येत नाही. ज्यांच्यात हा बिघाड सापडला, त्यातल्या अनेकांनी काही त्रास नसताना, ऐन पंचविशीत संपूर्ण जठर काढून टाकायचा निर्णय घेतला. अन्ननलिका थेट लहान आतड्याला जोडतात. थोडे थोडे, दिवसातून अनेकदा खावे लागते, वजन उतरते, बी-१२ जीवनसत्त्व आयुष्यभर टोचून घ्यावे लागते. काढलेली ही जठरे पॅथॉलॉजीत तपासली तेव्हा बहुतेकांत सुटलेल्या पेशींचे बारीक पुंजके सापडले, काहींत शेकडो. माणूस तेव्हा धडधाकट होता. बिघाड असलेल्या स्त्रियांना लोब्युलर कर्करोगाचाही धोका मोठा असतो, हे पुढे कळले. जठर आणि स्तन, दोन अवयव आणि एकच सुटलेली पकड.

आता त्या ताब्याकडे, म्हणजे पकडीच्या नियमनाकडे येतो. अशा घराण्यांतल्या कित्येकांच्या कर्करोगात दुसरी प्रत मोडलेली नव्हती. अक्षरे सगळी जागच्या जागी होती. पण जनुकाच्या सुरुवातीच्या भागावर मिथाइल गटांचा थर बसून ते मिटून गेले होते. पुस्तक शाबूत आहे, पाने एकमेकांना चिकटली आहेत, असे समजा. जनुकात बिघाड नसलेल्या हजारो सामान्य रुग्णांच्या स्तनाच्या, प्रोस्टेटच्या, जठराच्या कर्करोगांतही हे मिटणे सापडते. बिघडलेले अक्षर दुरुस्त करणे अवघड. मिटलेले उघडता येते.

हे मिटवण्याचा हुकूम देणारे रेणू २००० साली सापडले. स्पेनमध्ये, माद्रिद आणि बार्सिलोना इथल्या दोन गटांनी एकाच वेळी दाखवले की स्नेल नावाचे प्रथिन सीडीएच१ च्या सुरुवातीला जाऊन बसते आणि जनुक बंद करते. स्नेल फळमाशीत कधीच सापडला होता. गर्भ घडताना त्याची गरज असते. पाठोपाठ ट्विस्ट, झेब, स्लग अशी सगळी टोळी पुढे आली. यातल्या झेबवर पेशीतलेच चिमुकले आरएनए, मिर-२०० नावाचे, अंकुश ठेवतात, आणि झेब उलट त्या आरएनएंना दाबतो. दोघांत रस्सीखेच असते. ज्याचे पारडे जड होईल त्याप्रमाणे पेशी एक तर धरून राहते, नाही तर सुटी होते. ट्यूमरभोवतालच्या पेशींकडून टीजीएफ-बीटा हा संदेश आला की पारडे सुटण्याकडे झुकते.

पण शरीरात हा हुकूम आहेच कशासाठी? कर्करोगासाठी तर नव्हे. गर्भ तीन-चार आठवड्यांचा असताना पाठीवर मज्जेची नळी मिटत असते. तिच्या कडेच्या पेशी शेजाऱ्यांचे हात सोडतात आणि लांबवर प्रवास करतात. त्यांच्यातूनच चेहऱ्याची हाडे घडतात, कातडीला रंग देणाऱ्या पेशी आणि आतड्यातल्या मज्जापेशी तयार होतात. त्या पेशींनी हात सोडले नसते तर तुम्हाआम्हाला चेहरा मिळाला नसता. मग त्या मुक्कामी पोचतात, थांबतात आणि पुन्हा धरतात. बोटाला कापते तेव्हा जखमेच्या कडेच्या पेशीही असेच थोडे सैल होऊन पुढे सरकतात. कर्करोगाची पेशी नवे काही शोधत नाही. आईच्या पोटात ज्याने आपल्याला घडवले, तेच हत्यार ती पुन्हा हातात घेते, आणि थांबायचा हुकूम पाळत नाही.

जनुकाला हात न लावताही पकड सैल करता येते. पृष्ठभागावरचे कॅडहेरिन कायम तिथेच बसून नसते, ते काही तासांत आत ओढले जाते आणि नवे बाहेर येते. पी१२० हे प्रथिन त्याला पृष्ठभागावर टिकवून धरते. सार्क नावाचे विकर सक्रिय झाले की कॅडहेरिनवर फॉस्फेटची खूण पडते. मग हकाई हे प्रथिन तिला ओळखून ते कॅडहेरिन विल्हेवाटीला पाठवते. हकाई या जपानी शब्दाचा अर्थ विनाश. बीटा-कॅटेनिनचा प्रश्न यात वेगळा आहे. ते पकडीचा दुवा आहे, आणि केंद्रकात गेले तर वाढीची जनुके चालू करते. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात एपीसी हे जनुक बिघडून तेच होते. नुसती पकड सुटली म्हणून ते केंद्रकात जातेच असे नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण पाठ्यपुस्तके कधी कधी तसे सुचवतात.

दहा-पंधरा वर्षांपूर्वी मी इथे बोललो असतो तर इथेच थांबलो असतो. ई-कॅडहेरिन म्हणजे राखणदार, तो गेला की पेशी पळाली, तो परत आणला की रोग आटोक्यात. १९९८ मध्येच उंदरांच्या स्वादुपिंडातल्या गाठींवर प्रयोग झाला होता. पकड कायम ठेवली तर गाठ साध्या अवस्थेत थांबते आणि पकड मोडली तर पसरते, असे त्यात दिसले. चित्र स्वच्छ होते. पण सूक्ष्मदर्शकाखाली एक गोष्ट मला अनेक वर्षे टोचत होती. काखेतल्या गाठीत, यकृतात, म्हणजे जिथे कर्करोग पसरून गेला आहे तिथे, मी पट्टी लावायचो आणि पेशींभोवती तपकिरी जाळी पुन्हा ठसठशीत दिसायची. राखणदार गेला होता म्हणावे तर हा कोण? स्तनाच्या एका फार उग्र प्रकारात त्वचा लालभडक होते आणि संत्र्याच्या सालीसारखी दिसते. त्यातही ई-कॅडहेरिन भरपूर असते, पेशींचे घट्ट गठ्ठे लसिकावाहिन्यांत अडकलेले असतात. अंडाशयाच्या निरोगी पृष्ठभागावर ते जेमतेम असते आणि कर्करोगात वाढते. आम्ही हे अपवाद म्हणून बाजूला ठेवत होतो. चूक होती आमची.

२०१९ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या वीणा पद्मनाभन, अँड्र्यू इवाल्ड आणि सहकाऱ्यांनी उंदरांवरच्या प्रयोगांनी ते अपवाद मध्यभागी आणून ठेवले. स्तनाच्या नलिकेच्या कर्करोगातून त्यांनी ई-कॅडहेरिन काढून टाकले. अपेक्षेप्रमाणे पेशी आजूबाजूला जास्त घुसल्या. पण रक्तात उतरलेल्या पेशी कमी झाल्या, उतरलेल्या मेल्या, दूरच्या अवयवात वसाहती फार थोड्या झाल्या. पकड सुटलेल्या पेशींत ऑक्सिजनचे विखारी रेणू साठत होते आणि त्या स्वतःला संपवत होत्या. धरलेला हात पेशीला नुसता जागेवर ठेवत नव्हता, तिला जगवत होता. मग लोब्युलर कर्करोगाच्या पेशी कशा जगतात? त्यांच्यात पुष्कळदा पीआय३के हा जगण्याचा संदेश देणारा मार्ग जनुकातल्या बिघाडाने आधीच चालू झालेला असतो. त्यांनी आधाराशिवाय जगायची सोय करून ठेवली आहे.

म्हणून आता असे दिसते की चलाख पेशी पकड पूर्ण सोडत नाही. घुसायला लागेल तेवढी सैल करते, प्रवासात शेजारणीला धरून राहते, मुक्कामी पुन्हा आवळते. मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातल्या गटाने २०१४ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांच्या रक्तातल्या आणि उंदरांमधल्या पेशी मोजल्या. एकट्या पेशींच्या मानाने दोन-चार जणींचे झुबके फार थोडे होते. पण एकटीच्या तुलनेत झुबक्याची नवी गाठ उभारायची ताकद तेवीस ते पन्नास पट होती. झुबका बांधून ठेवणारे प्रथिन प्लाकोग्लोबिन, बीटा-कॅटेनिनचेच भावंड.

यातून उपचाराची एक वाट दिसते, आणि मला ती मनापासून आशादायक वाटते. झुबके सुटे करायचे. कोणत्या औषधाने होईल हे शोधताना स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांना एक फार जुने औषध सापडले, डिगॉक्सिन. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना हृदयासाठी जी बारीक गोळी दिली जायची, तीच. पेशीच्या पडद्यावरचा सोडियम-पोटॅशियमचा पंप ती रोखते, त्यामुळे आतले कॅल्शियम वाढते आणि झुबक्यातली पकड ढिली होते. २०२५ मध्ये स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगाच्या नऊ रुग्णांवरच्या चाचणीत झुबके आकाराने लहान झाल्याचे प्रसिद्ध झाले. नऊच रुग्ण. यावरून कोणी डिगॉक्सिन घरी घेऊ नये. या औषधाची योग्य मात्रा आणि विषारी मात्रा यात फार थोडे अंतर आहे. पण फक्त मारण्याऐवजी पकडीवर नियंत्रण मिळवायचा हा विचार माझ्या तरुणपणी कोणाच्या डोक्यात नव्हता.

इंटिग्रिन या दुसऱ्या मोठ्या कुळाबद्दल मी अजून बोललो नाही. पेशी शेजारणीला कॅडहेरिनने धरते आणि खालच्या जमिनीला इंटिग्रिनने. त्यांना रोखणारे सिलेंजिटाइड हे औषध मेंदूच्या कर्करोगावरच्या मोठ्या चाचणीत अपयशी ठरले. पकड डिंकासारखी समजून ती एका जागी कापायला गेलो, की असे होते.

एक गोष्ट आपल्या इथली. नवी मुंबईत खारघरला टाटा मेमोरियल केंद्राची अ‍ॅक्ट्रेक ही संशोधन संस्था आहे. पेशींना धरून ठेवणारे आणखी एक बटण असते, डेस्मोसोम. त्यातले प्लाकोफिलिन-३ हे प्रथिन आतड्याच्या कर्करोगाच्या पेशींत कमी केले तर पकड ढिली होते आणि उंदरांत रोग पसरतो, हे तिथल्या गटाने २००८ मध्ये दाखवले. खानोलकरांनी एक हजार तोंडे तपासून तंबाखूकडे बोट दाखवले. त्यांच्याच परंपरेतल्या संस्थेत आज त्या पेशींचे हात कसे सुटतात हे शोधले जाते. १९४४ च्या त्या खंडातले दोन लेख इथे एकत्र आले, असे मी मानतो.

आता डॉक्टरांचा शेवटचा रकाना. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक तरुण आला. वडील चाळिशीत जठराच्या कर्करोगाने गेले होते, आत्या स्तनाच्या. तो विचारत होता, मला धोका आहे का? वडिलांचा कर्करोग विखुरलेल्या प्रकारचा होता का, एवढे कळले असते तर पुढची वाट ठरली असती. अहवाल घर बदलताना रद्दीत गेला होता. ज्या रुग्णालयात तपासणी झाली होती, तिथे मेणाचा ठोकळा सापडला नाही. मी त्याला नेमके काही सांगू शकलो नाही, आणि ती खंत माझ्यासोबत आहे.

मंडळी, घाबरून जाऊ नका. जठराचे बहुतेक कर्करोग आनुवंशिक नसतात. पण घरात दोघांना जठराचा कर्करोग झाला असेल आणि त्यातला एक तरी विखुरलेल्या प्रकारचा असेल, किंवा एखाद्याला असा विखुरलेला कर्करोग पन्नाशीच्या आत झाला असेल, किंवा जठराच्या कर्करोगाबरोबर स्तनाचा लोब्युलर कर्करोगही घरात असेल, तर जनुकीय सल्ला देणाऱ्या डॉक्टरांना भेटा. आणि माणूस गेल्यावर त्याची फाइल टाकू नका. बायॉप्सीचा अहवाल, काचपट्ट्या, मेणाचा ठोकळा हे सगळे मागून घ्या. तो ठोकळा तुमच्या माणसाचा आहे. बोटाच्या पेराएवढा असतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत, नाव आणि वर्ष लिहून, थंड कोरड्या जागी, दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवा. आणि घरी गेल्यावर एका वहीत लिहा, आजी-आजोबा, आई-वडील, काका-आत्या, मामा-मावशी कशाने गेले आणि कोणत्या वयात. डॉक्टरांच्या चोपडीतला तो रकाना आता तुम्ही भरा.